वाचकांचे प्रश्न: झाडांची नावं येत नाहीत, ट्रेनिंग कसं घेऊ?

प्रश्न: ताई, मी भोर तालुक्यात झेडपीच्या शाळेवर आहे. पुढच्या शिक्षण परिषदेत परिसर अभ्यासावर दोन तास घ्यायला केंद्रप्रमुखांनी मला सांगितलंय. दरवेळी तेच असतं, हॉल, पीपीटी, वडापाव आणि फोटो. गावाला लागूनच वाघजाईची राई आहे, म्हणजे देवीच्या नावाने राखलेली देवराई, तिथेच सगळ्या शिक्षकांना न्यावं असं वाटतं पण मला स्वतःला धड दहा झाडं ओळखता येत नाहीत, कुणी विचारलं तर काय सांगू?

उत्तर: न्याच. आणि दहाच्या आसपास येतात म्हणजे बऱ्यापैकी येतात हो, मला सुरुवातीला आंबा, जांभूळ, उंबर यापुढे काही येत नव्हतं. नावांच्या भीतीनेच निम्मे शिक्षक वर्गाबाहेर पडत नाहीत असं माझं मत झालंय. सुप्रीम कोर्टाने 1991 मध्येच पर्यावरण विषय सक्तीचा करायला सांगितला, तो झालाही, पण वहीत. म्हणून ट्रेनिंगमध्ये भाषण नको, शिक्षकांनाच दोन तास मुलं करा.

आम्ही एकदा काय केलं, जाड पीव्हीसी पाइपचे वीतभर लांबीचे दोन तुकडे घेतले, एक राईबाहेरच्या गुरं चरतात त्या माळावर दोन बोटं जमिनीत ठोकला आणि दुसरा राईच्या अगदी कडेला, दोन्हीत एकेक लिटर पाणी ओतलं आणि मोबाइलवर वेळ लावली. कडेचं पाणी बघता बघता जिरलं, माळावरचं तसंच उभं, आणि एक गुरुजी आपणहून म्हणाले, अहो म्हणून राईखालचा झरा उन्हाळ्यात टिकतो! हे मी सांगितलं असतं तर कुणी लिहूनसुद्धा घेतलं नसतं. मग सुतळीचा मीटरभर चौकोन टाकून पाचोळ्यात काय काय दिसतं ते नुसतं बघून मोजायला लावलं. नाव येत नसेल तर खाली पडलेलं पान बघून वर्णन लिहायचं, नाव नंतर गावातल्या म्हाताऱ्यांना विचारायचं. गारंबीची वेल असेल तर तिथे थांबाच, हातापेक्षा लांब शेंग बघून मोठी माणसंही पोरं होतात.

पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी 1970च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया अभ्यासल्या, तेव्हा गावकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या पाळलेले नियमही त्यांनी नोंदवले. तुम्हीही आधी गुरवांना आणि सरपंचांना विचारा, पाइप ठोकणार तेही सांगा, नको म्हणाले तर पाइप बांधाबाहेरच. काटकीसुद्धा न्यायची नाही आणि चप्पल बाहेर, असा नियम असेल तर पाळायचा, बीएड झालेल्यांनी पण.

वीसपेक्षा जास्त शिक्षक असतील तर दोन गट करा. आदल्या दिवशी एकट्या जाऊन या, वर आग्यामोहोळ आहे का ते नीट बघा, असेल तर त्या बाजूला फिरकायचंच नाही आणि सेंट मारून येऊ नका असं व्हॉट्सअॅप ग्रुपवर आधीच टाकून ठेवा.