छोट्या विमानात जीपीएस असताना दिशा चुकते कशी? उड्डाणाआधी उपकरणं किती काटेकोरपणे तपासायची?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून पीपीएलचं (खासगी वैमानिक परवान्याचं) ट्रेनिंग सुरू करताय, आणि टॅबवर जीपीएस असताना कंपास, डीजी (डायरेक्शनल जायरो, फिरत्या चकतीवर चालणारं दिशा दाखवणारं घड्याळ) वगैरेची तपासणी आता नुसती औपचारिकता उरली आहे का. नाही. अजिबात नाही.

पिटोचं (वेग मोजायच्या नळीचं) कव्हर, स्टॅटिक पोर्ट (बाहेरच्या हवेचा दाब घेणारं छिद्र), इंधन हे सगळं इन्स्ट्रक्टर पहिल्याच आठवड्यात घोटून घेतील. अल्टिमीटरचंही, म्हणजे उंची दाखवणाऱ्या घड्याळाचंही तसंच. लोहगावची उंची 1942 फूट आहे, क्यूएनएच (त्या वेळचा समुद्रसपाटीला आणलेला हवेचा दाब, हेक्टोपास्कलमध्ये) लावल्यावर काटा त्याच्या आसपास आला पाहिजे. एका हेक्टोपास्कलच्या चुकीला साधारण 30 फूट जातात. यात वाद घालणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. वाद होतो तो डीजीवरून.

मे महिन्यात एका ओळखीच्या सरांबरोबर सेसना 172 मधून सोलापूरच्या दिशेने निघालो होतो. सरांचं आणि क्लबचं नाव लिहीत नाही. त्यांचे उड्डाणाचे तास माझ्यापेक्षा कितीतरी जास्त, कॅप्टनही तेच, मी उजव्या सीटवर. सरांनी टॅबसाठी चुंबकाचा स्टँड आणला होता आणि तो पॅनेलच्या वर, कंपासच्या अगदी खाली बसवला होता. रनवेवर लाइन-अप झालो, म्हणजे उड्डाणासाठी रनवेच्या रेषेत उभे राहिलो. रनवेवर लिहिलेला आकडा त्याची दिशा सांगतो, 10 म्हणजे 100 अंश. सरांनी कंपास बघितला, नॉब फिरवून डीजी त्याच्याशी जुळवला. मी म्हटलं, "सर, रनवेशी जुळत नाहीये, वीसेक अंश जास्त दाखवतोय." "कंपासशी जुळतोय ना? मग झालं," म्हणाले आणि थ्रॉटल दिलं.

माझं सगळं म्हणणं या एका वाक्याविरुद्ध आहे. डीजीला स्वतःला उत्तर दिशा कळत नाही, त्याला कंपासवरून सांगावं लागतं. एका घड्याळावरून दुसरं लावायचं आणि मग दोन्ही जुळतात म्हणून वेळ बरोबर मानायची, असं कोणी करतं का? रनवे मात्र दोघांपेक्षा वेगळा साक्षीदार आहे. तो जमिनीत पक्का आहे, त्याच्यावर चुंबकाचा परिणाम होत नाही.

पुढे व्हायचं तेच झालं. उजनीचं बॅकवॉटर डाव्या हाताला राहायला हवं होतं, ते नाकासमोर आलं आणि थोड्या वेळाने दोन्ही बाजूंना पाणी. टॅब तोवर उन्हाने तापून बंद पडला होता. चुंबक होतं तिथेच होतं. मी सरांना विचारून स्टँड काढला आणि मागच्या सीटवर टाकला. कंपासची तबकडी हळूहळू फिरली आणि वीसेक अंश कमी दाखवू लागली. मग डीजी पुन्हा लावला, नकाशावर धरणाची भिंत ओळखली आणि उजवीकडे वळून वाटेला लागलो.

उतरल्यावर सर म्हणाले, "वाऱ्याने ढकललं." आजही डेक्कनवर भेट झाली की तेच म्हणतात. म्हणून हिशोब इथे मांडतो. 100 नॉटने चाललेलं विमान वीस अंश सरकवायला बरोबर आडवा 35 नॉटच्या आसपास वारा लागतो. आणि वारा उडतं विमान ढकलेल, रनवेवर उभ्या विमानाचा डीजी फिरवणार नाही. फरक चाकं जमिनीवर असतानाच दिसत होता. एक अंश चुकला की 60 नॉटिकल मैलांत तुम्ही एक मैल बाजूला जाता. वीस अंशांना वीस मैल, म्हणजे 37 किलोमीटर.

तास जास्त असले की असं होत नाही, हेही खोटं आहे. 3 सप्टेंबर 1989 ला ब्राझीलमध्ये वारिगचं बोइंग 737 मराबाहून बेलेमला निघालं. फ्लाइट प्लॅनवर 0270 छापलं होतं, अर्थ 027.0 अंश. कॅप्टनने 270 लावलं आणि सहवैमानिकाने कॅप्टनचं बघून आपलं लावलं. उत्तरेला जायचं विमान मावळत्या सूर्याकडे चाललं होतं. इंधन संपून ते रात्री जंगलात उतरलं, माणसं गेली. मी उडायला हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला शिकलो. तिथे आधी बाहेर बघायला शिकवतात, आणि त्याचा मला अभिमान आहे.

तेव्हा तुम्ही काय करायचं? टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, उजवीकडे वळलात की डीजी आणि कंपास दोन्हींचे आकडे वाढले पाहिजेत, टर्न कोऑर्डिनेटरचं (वळण दाखवणाऱ्या घड्याळातलं) छोटं विमान उजवीकडे कललं पाहिजे, त्याच्या खालच्या नळीतला बॉल डावीकडे गेला पाहिजे. लाइन-अपला डीजी आधी रनवेशी ताडायचा, मग कंपासशी. जुळलं नाही तर निघायचं नाही, शेजारी कितीही मोठे सर बसलेले असोत. हवेत दर 10-15 मिनिटांनी पुन्हा जुळवायचा, तोही विमान सरळ, समतल आणि एकाच वेगात असताना, कारण वळताना आणि वेग बदलताना कंपासच चुकीचं दाखवतो. पुण्याच्या अक्षांशावर नुसत्या पृथ्वीच्या फिरण्याने डीजी तासाला पावणेपाच अंश सरकतो, घर्षणाचं त्यात आणखी.

एक सांगायचं राहिलं. रनवेचा आकडा दहाच्या पटीत असतो, त्यामुळे चार-पाच अंशांचा फरक दिसला तर घाबरू नका, नेमकी दिशा चार्टवर मिळते. आणि वरचं सगळं जुन्या गोल घड्याळांच्या पॅनेलबद्दल आहे. जी1000 (घड्याळांऐवजी स्क्रीनचं पॅनेल) असेल तर मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय दिशा मोजणारा सेन्सर, दूर पंखात असतो आणि दिशा आपोआप जुळत राहते. पण तिथेही स्टँडबाय कंपास समोरच्या काचेजवळच असतो, म्हणून चुंबकाचा स्टँड त्याही विमानात नेऊ नका.