पहिल्या बिऱ्हाडाची यादी

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

पुण्यात स्वतंत्र बिऱ्हाड थाटण्यासाठी तू केलेली यादी मिळाली. वस्तू मोजक्याच हव्यात, पैसे कमी लागावेत आणि घेतलेली प्रत्येक गोष्ट उत्तम प्रतीची असावी, अशा तीन अटी तू यादीच्या वर लिहिल्या आहेस. या तिन्ही अटी एकदम पुऱ्या करणाऱ्या वस्तू थोड्या. बहुतेक वेळी एका अटीला माघार घ्यावी लागते, आणि ती कोणती हे वस्तूच्या जाहिरातीपेक्षा तुझा हात तिला दिवसातून किती वेळा लागणार आहे यावर ठरवावे.

पंख्याचेच घे. साधा छताचा पंखा साधारण 75 वॅट वीज घेतो, तर बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या) मोटरचा 30 वॅटच्या आसपास. झोपायच्या खोलीत पंखा वर्षातले 300 दिवस रोज 12 तास फिरला, तर सुमारे 160 युनिटे वाचतात. आपल्या बिलातल्या दराने गुणून पाहा, म्हणजे जास्तीची किंमत किती वर्षांत वसूल होते ते कळेल. तोच पंखा स्वयंपाकघरात तासभर लावायचा असेल तर वर्षाची बचत पंधरा युनिटेही भरणार नाही आणि तिथे घरमालकाचा जुना पंखा पुरे आहे. पंखा एकाच जातीचा, पण एका खोलीत महागडा घेणे हीच काटकसर ठरते आणि दुसऱ्या खोलीत ती निव्वळ हौस.

कुकरच्या बाबतीत मी स्वतः फसलो आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी कोणा अनोळखी कारखान्याचा चकचकीत कुकर निम्म्या किमतीत मिळाला म्हणून मोठ्या आनंदाने घरी आणला. आठ-नऊ महिन्यांनी त्याची रिंग सैल पडली, शिट्टीऐवजी झाकणाच्या कडेने वाफ जाऊ लागली आणि त्या मापाची रिंग गावातल्या एकाही दुकानात मिळेना. भांडे धडधाकट, पण कुकर निकामी, अशा अवस्थेत तो दोन वर्षे माळ्यावर पडून होता. तेव्हापासून कुठलीही वस्तू घेताना ती आधी कुठे झिजेल हे मी पाहतो आणि तो भाग सुटा मिळतो का हे दुकानदाराला विचारतो. कुकरची रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व, मिक्सरचा कपलर, नळाचा वायसर हे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत असतील तर मधल्या किमतीची वस्तूही वीस वर्षे टिकते. मात्र आयएसआय चिन्ह नसलेला कुकर फुकट मिळाला तरी घेऊ नकोस.

दर्जा हा वस्तूइतकाच वापरणाऱ्यातही असतो, हे तव्यावरून कळते. बिडाचा तवा नॉनस्टिकहून स्वस्त पडतो आणि नातवंडांपर्यंत पुरतो, परंतु तो घासल्यावर लगेच कोरडा करून तेलाचे बोट फिरवावे लागते, नाहीतर सकाळी त्यावर तांबूस गंज दिसतो. खरकटी भांडी रात्रभर मोरीत ठेवण्याची तुझी सवय (वसतिगृहात मी ती पाहिली आहे) सुटणार नसेल, तर हा उत्तम तवा तुझ्यासाठी उत्तम नाही.

मोजक्या वस्तूंच्या हट्टाबद्दल थोडे स्पष्टच लिहितो. यादीत एकसारख्या काचेच्या बारा बरण्या आहेत. घर सुटसुटीत दिसावे म्हणून बारा नव्या वस्तू विकत घेणे मला तरी उमगत नाही. कॉफीच्या रिकाम्या बाटल्यांत डाळी ठेवल्या तर त्या आतून दिसतातच, आणि तुझ्या आईनेही आयुष्यभर तेच केले. उलट, काटकसरीच्या नावाखाली ‘कधीतरी उपयोगी पडेल’ म्हणून साठवलेल्या पिशव्या, खोकी आणि बंद पडलेले चार्जरही जागेचे भाडे खातात, आणि पुण्यात ते भाडे स्वस्त नाही. शिडी, ड्रिल मशीन, पंचवीस माणसांचे पातेले यांची गरज वर्षातून एकदा लागते; तेव्हा शेजाऱ्यांकडे मागायला संकोचू नकोस, पण वस्तू वेळेवर आणि स्वच्छ परत कर.

खुर्चीवर मात्र हात आखडू नकोस. घरून काम करताना तू तिच्यावर रोज आठ तास बसणार आहेस, तेव्हा जुन्या कार्यालयीन सामानाच्या दुकानात जाऊन प्रत्यक्ष अर्धा तास बसून पाहा. पाठीला आधार देणारी वापरलेली खुर्ची नव्या तकलादू खुर्चीपेक्षा बरी. मिक्सर 500 वॅटचा घे, एकट्याच्या चटणीला आणि वाटणाला तो पुरतो. बरण्या खोडून टाक. आणि तव्यासाठी थोडा थांब. आमच्याकडे बिडाचे दोन आहेत, दिवाळीत येशील तेव्हा भांडी रात्रीच घासायला लागला आहेस असे तुझ्या आईकडून कळले, तर एक घेऊन जा.

तुझा,
काका