टाउपोचे पाच दिवस: आधी वारा बघा, मग तारखा ठरवा

तुमचा प्लॅन नीट वाचला. जानेवारीत चौघं जण, ऑकलंडला उतरून भाड्याची गाडी, न्यूझीलंडमधल्या टाउपो या तळ्याकाठच्या गावात पाच रात्री, आणि त्यात टाँगारिरो क्रॉसिंग (जवळच्या ज्वालामुखी डोंगरांवरची दिवसभराची पायवाट), स्कायडाइव्ह, कयाक, राफ्टिंग सगळं बसवायचंय, एकाचा गुडघा जरा कुरकुरतो, आणि मुख्य प्रश्न हा की प्रत्येक दिवसाचं बुकिंग आत्ताच करून मोकळं व्हायचं का.

राहण्याचं बुकिंग आज करा. जानेवारी म्हणजे तिकडे शाळांची उन्हाळी सुट्टी, सगळा देश तळ्याकाठी आलेला असतो, तेव्हा ते शेवटपर्यंत ठेवू नका. पण बाकीच्या गोष्टी तारखेला जखडून टाकू नका, कारण टाउपोत दिवस कसा जाणार हे वारा ठरवतो, तुम्ही नाही. डोंगरावर वारा, तळ्यावर वारा, विमानातून उडी मारायची तरी वारा आणि ढग. म्हणून मी नेहमी सांगते की पाचातला सगळ्यात चांगल्या हवेचा दिवस क्रॉसिंगला द्यायचा, आणि तो कुठला हे तिथे पोचल्यावर डोंगराचा अंदाज बघून ठरवायचं. गावाचा अंदाज बघू नका बरं का, गावात ऊन असतं आणि वर कड्यावर माणूस उभा राहू शकत नाही असं सर्रास होतं.

क्रॉसिंगबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण लोक इथेच फसतात. साधारण २० किलोमीटरची एकेरी वाट आहे, सात-आठ तास लागतात. मांगाटेपोपोला सुरू करून केटेटाहीला उतरायचं, कारण सुरुवात साधारण ११०० मीटरवर आणि शेवट ७६० च्या आसपास, म्हणजे चढ कमी पडतो. मांगाटेपोपोच्या पार्किंगमध्ये सीझनला चार तासांची मर्यादा आहे, त्यामुळे गाडी तिथे ठेवून पूर्ण वाट चालता येतच नाही. सगळ्यात सोयीचं म्हणजे गाडी शेवटच्या बाजूला लावायची आणि पहाटेच्या शटलने सुरुवातीला जायचं, मग परतीच्या बसची वेळ गाठायची घाई नाही, पाय दुखले तर निवांत उतरता येतं. शटलवाले हवा खराब असेल तर फेरी रद्द करतात, बहुतेक जण तारीख बदलून देतात, पण बुक करतानाच हे स्पष्ट विचारून घ्या. आणि संवर्धन खात्याच्या साइटवर चालणाऱ्यांची नोंदणी आहे, पैसे लागत नाहीत, ती पण करा.

वाटेवर प्यायचं पाणी कुठेही मिळत नाही. माणशी किमान दोन-तीन लिटर घेऊन चला. कॉटनचे कपडे नकोत, घामाने भिजले की वर कड्यावर हुडहुडी भरते, भर उन्हाळ्यात सुद्धा. वारा अडवणारं जॅकेट, टोपी, हातमोजे आणि भरपूर सनस्क्रीन. तिथलं ऊन आपल्या सवयीपेक्षा खूप तिखट आहे, गार वाऱ्यात कळतही नाही आणि संध्याकाळी मान सोलून निघते.

सगळ्यात उंच जागा म्हणजे रेड क्रेटरचा कडा, १८८६ मीटर. खरी परीक्षा त्याच्या पुढे. कड्यावरून हिरव्या तळ्यांकडे उतरताना पायाखाली सगळी भुसभुशीत खडी, प्रत्येक पाऊल वीतभर खाली सरकतं, बाजूच्या भेगांतून वाफ येत असते, गंधकाचा वास, आणि पुढचा माणूस घसरला की त्याच्या पायाखालचे दगड आणखी खाली गडगडत जातात. इथे टाच आधी रोवायची, गुडघे थोडे वाकवून ठेवायचे, आणि दोघांत अंतर ठेवायचं. वॉकिंग पोल असेल तर इथे सोनं. फोटोसाठी मधेच थांबू नका, खाली तळ्यापाशी पोचलात की हवे तेवढे काढा.

त्या तळ्यांच्या पाण्याला हात लावू नका. ही शिखरं आणि हे पाणी तिथल्या तूफारेतोआ या माओरी (न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी) जमातीसाठी पवित्र आहे. त्यांचे प्रमुख होरोनुकू ते हेउहेउ यांनी १८८७ मध्ये ही शिखरं राष्ट्राला दिली आणि त्यातूनच न्यूझीलंडचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. नाउरुहोए या सुळक्यावर चढू नका अशीही त्यांची विनंती आहे. कायद्याने बंदी नाही म्हणून काही जण जातात, मला ते अजिबात पटत नाही. ज्यांनी आपलं सगळ्यात मोलाचं खुलं करून दिलं त्यांची एवढी एक गोष्ट ऐकायला काय जातं. ड्रोनही परवानगीशिवाय उडवायचा नाही.

गुडघेवाल्या मित्राला क्रॉसिंगला ओढू नका, उतार जवळजवळ ११०० मीटरचा आहे. त्याच उद्यानात व्हाकापापा गावातून तारानाकी फॉल्सची फेरी आहे, साधारण सहा किलोमीटर, दोन तास, जुन्या लाव्हाच्या कड्यावरून २० मीटरचा धबधबा पडतो आणि हवा स्वच्छ असेल तर रुआपेहू हा बर्फाच्छादित ज्वालामुखी समोर. त्याला तिथे पाठवा, तो खूश होईल.

आता तळं. ६०० चौरस किलोमीटरहून मोठं आहे आणि त्याचा बराचसा भाग ज्वालामुखीचं खचलेलं तोंड आहे. सुमारे २५ हजार वर्षांपूर्वी प्रचंड उद्रेक झाला आणि जमीन खचली, मग १८०० वर्षांपूर्वीच्या आसपास पुन्हा मोठा झाला. काठावर फिरताना करडे हलके दगड दिसतील ते प्युमिस, त्याच उद्रेकांचे, पाण्यात टाकून बघा, तरंगतात. सुरक्षित आहे का असं तुम्ही विचारलंयत, तर जिओनेट नावाची यंत्रणा सतत लक्ष ठेवून असते आणि ० ते ५ अशी पातळी जाहीर करते. २०२२ च्या सप्टेंबरात टाउपोची १ केली होती, २०२३ च्या मे मध्ये परत ० झाली, आणि त्या काळातही गाव नेहमीसारखं चालू होतं. डोंगराचं मात्र जायच्या आदल्या दिवशी जरूर बघा, २०१२ मध्ये टाँगारिरोच्या ‘ते मारी’ नावाच्या विवरातून उडालेल्या दगडांनी केटेटाहीच्या हटचं छप्पर फोडलं होतं.

कयाक सकाळचीच घ्या. तळ्यातल्या माइन बे या खाडीत कड्यावर कोरलेलं, न्गातोरोइरांगी या माओरी पूर्वज-दर्यावर्द्याचं भव्य शिल्प आहे, १४ मीटर उंच, १९७० च्या दशकाच्या शेवटी कोरलेलं, आणि तिथे फक्त पाण्यातूनच जाता येतं. सकाळी पाणी आरशासारखं असतं, दुपारी वारा सुटला की एवढ्या मोठ्या पाण्यावर बऱ्यापैकी लाटा उठतात आणि परतताना खांदे भरून येतात. पहिल्यांदाच वल्हवणार असाल तर गाइडबरोबर जा. लाइफजॅकेट काढायचं नाही, पोहता येत असलं तरी.

स्कायडाइव्ह पहिल्याच दिवसाला बुक करा. हवेमुळे रद्द झाली तर पुढे सरकवायला चार दिवस हातात राहतात, शेवटच्या दिवशी ठेवलीत आणि ढग आले तर संपलं. वजनाची मर्यादा आधी विचारा. बंजी वायकाटो नदीवर ४७ मीटरची आहे, पण दोन्हीचे पैसे घालायची गरज मला वाटत नाही, एक निवडा. राफ्टिंग टाँगारिरो नदीवर, तुरांगी गावाच्या बाजूला, साधारण ग्रेड तीन (म्हणजे मध्यम अवघड), नवख्यांना झेपतं, आणि पावसाळी दिवसाला हे उत्तम कारण भिजायचंच असतं.

वारा जास्त असेल त्या दिवशी स्पा पार्कमधून हुका फॉल्सला चालत जा, नदीकाठाने तासाभराची वाट. धबधबा जेमतेम ११ मीटरचा आहे पण सेकंदाला दोन लाख लिटरच्या वर पाणी अरुंद घळीतून सुटतं, कठड्याला हात लावलात तर थरथर जाणवते. पुढे आराटिआटियाला धरणाचे दरवाजे ठराविक वेळी उघडतात, भोंगा वाजतो आणि कोरडे खडक बघता बघता पाण्याखाली जातात. वेळा तपासून जा, पाच मिनिटं उशीर झाला तर सुरुवात हुकते. परत येताना स्पा पार्कमधला ओटुमुहेके झरा, गरम पाणी, फुकट. तिथे एकच नियम, डोकं पाण्याखाली घालायचं नाही. गरम झऱ्यांत क्वचित एक अमीबा असतो तो नाकातून मेंदूपर्यंत जातो आणि जीवघेणा ठरतो. चौघांनाही हे नीट सांगा. आणि नदीच्या मुख्य धारेत जाऊ नका, ओढ जबरदस्त आहे.

ट्राउट मासा पकडायचा असेल तर टाउपोचं लायसन्स वेगळं, देशातल्या बाकी भागाचं तिथे चालत नाही. ट्राउट विकायला बंदी आहे त्यामुळे मेनूकार्डावर दिसणार नाही, पण आपण पकडलेला काही हॉटेलवाले शिजवून देतात.

बाकी किरकोळ: भारतीय पासपोर्टवर व्हिजिटर व्हिसा आधी काढावा लागतो, तो उशिरावर टाकू नका. ट्रेकिंगचे बूट घरूनच घासूनपुसून न्या आणि एअरपोर्टवर बूट आणि खाण्याचं सगळं जाहीर करा, लपवलेलं सापडलं तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड आहे. ऑकलंडहून टाउपो साडेतीन तास, गाडी आपल्यासारखीच डावीकडून, पण विमानातून उतरल्या उतरल्या चालवू नका, एक रात्र झोपून निघा. अपघात झाला तर तिथली सरकारी योजना पर्यटकांच्याही उपचारांना मदत करते, पण आजारपण आणि रद्द झालेली तिकिटं त्यात येत नाहीत, म्हणून इन्शुरन्स घ्याच आणि त्यात स्कायडाइव्ह, राफ्टिंग धरलंय का ते वाचून घ्या, बऱ्याच साध्या पॉलिसीत नसतं. तारखा पक्क्या झाल्या की इथेच टाका, त्या आठवड्याच्या हवेचा अंदाज आला की कुठला दिवस डोंगराला ठेवायचा ते बघू.