आईला सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन श्वास अडणारा, फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे, जिना चढताना धाप लागते. तरी डॉक्टर व्यायाम का सांगतात?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. धापेचे रुग्ण आणि त्यांच्या घरचे मला आधी हेच विचारतात.

खराब झालेलं फुप्फुस व्यायामाने पूर्ववत होत नाही, हे स्पष्टच सांगते. सुधारतात ते पायांचे स्नायू. धाप लागते म्हणून माणूस बसून राहतो, बसून बसून मांड्या गळतात, आणि अशक्त पायांना तेवढ्याच चालण्यासाठी जास्त श्वास घ्यावा लागतो. मग धाप आणखी लवकर लागते. काळजीपोटी आपण पाण्याचा तांब्यासुद्धा आईच्या हातात नेऊन देतो. कृपया तो तिला उठून घेऊ द्या.

आधी ६ मिनिटांत ती किती चालते, हे ३० मीटरच्या सरळ पट्ट्यावर मोजतात. त्यावरून चालणं, खुर्चीतून उठबस, हातांचे व्यायाम ठरवतात. साधारण ६ ते १२ आठवडे, आठवड्यातून किमान दोनदा देखरेखीखाली. हातांना कमी लेखू नका. केस विंचरताना किंवा दोरीवर कपडे वाळत घालताना बायकांना चालण्यापेक्षा जास्त दम लागतो, पण हे त्या आपणहून सांगत नाहीत, विचारावं लागतं.

किती दमायचं? धापेच्या ० ते १० च्या मापात (० म्हणजे अजिबात धाप नाही, १० म्हणजे सर्वांत जास्त) ४ ते ६. म्हणजे धाप लागलेली हवी, पण एखादं वाक्य बोलता यायला हवं. धाप लागायच्या आतच थांबलं तर फायदा फारसा होत नाही. थांबल्यावर पुढे वाकून हात मांड्यांवर टेकवायचे, नाकाने श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून सावकाश सोडायचा.

वैद्यकीय संशोधन पडताळून पाहणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये सीओपीडीच्या रुग्णांवर अशा व्यायामाच्या ६५ चाचण्यांचा आढावा घेतला. धाप, थकवा आणि चालण्याची क्षमता, तिन्हींत सुधारणा दिसली. तरी आपल्याकडे पंप (श्वासावाटे औषध घ्यायचा इनहेलर) लिहून मिळतो आणि व्यायामाचं नावही निघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. पंप हवाच, तो बंद करू नका. व्यायामाला जाताना सोबत ठेवा.

छातीत दुखलं, चक्कर आली किंवा बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या खाली गेला तर लगेच थांबायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. धाप वाढून आई कधी दवाखान्यात दाखल झाली, तर घरी आल्यावर ४ आठवड्यांच्या आत व्यायाम सुरू करण्याबद्दल सुटी घेतानाच विचारा. आणि कार्यक्रम संपला तरी चालणं सोडू देऊ नका, कमावलेली ताकद काही महिन्यांत ओसरते.