सॅकेडची नोंद घ्यायला बसण्याआधी

सॅकेड म्हणजे नजरेने एका जागेवरून दुसरीकडे मारलेली झटपट उडी. पडद्यावर ठिपका दिसला, की डोळा त्याच्याकडे अशी उडी मारतो. या संकेताचा मार्ग आधी डोक्यात पक्का कर. दृष्टिपटलावरचा संकेत मेंदूच्या मागच्या भागात जातो, काही तंतू मात्र थेट मध्यमेंदूतल्या सुपीरियर कॉलिक्युलसला पोचतात. तिथे नजरेचा अक्षरशः नकाशा असतो: कुठल्या जागेवरच्या पेशी पेटल्या, त्यावर उडीची दिशा आणि लांबी ठरते. मस्तिष्कस्तंभातल्या 'थांब' सांगणाऱ्या पेशी गप्प झाल्या, की डोळ्याच्या स्नायूंना झटका मिळतो. ठिपका दिसल्यापासून इथवर साधारण 200 मिलिसेकंद जातात. 10 अंशांची उडी मात्र जेमतेम 50 मध्ये संपते.

म्हणून वेग मोजायला 60 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 60 चित्रं घेणारा, कॅमेरा घेऊच नकोस. एका उडीत त्याला तीनच चित्रं मिळतात, सर्वोच्च वेग निसटतो. 500 हर्ट्झ तरी हवा. हनुवटीला आधार दे, नऊ ठिपक्यांवर कॅलिब्रेशन कर, म्हणजे ठाऊक असलेल्या जागांकडे बघायला लावून कॅमेऱ्याचं मोजमाप जुळवून घे. चूक 1 अंशावर गेली तर पुन्हा कर, कंटाळू नकोस.

80 मिलिसेकंदांच्या आतली उडी ठिपका पाहून झालेली नसते, अंदाजाने मारलेली असते. ती गाळ. ठिपका ठरावीक वेळानेच आणलास तर अशा उड्या वाढणारच. मधला वेळ 1 ते 2 सेकंदांत बदलता ठेव. आणि पापणी मिटताना बाहुली अर्धी झाकली, की नजर खाली गेल्यासारखी रेघ उमटते. ती उडी म्हणून मोजू नकोस.