संभाजीनगर ते लंडन: 7,320 किमी, पण तास किती?

ॲपवर 7,320 किमी आणि 8 तास, तिकिटावर मात्र 16-17 तास. मग खरं काय, हा तुमचा प्रश्न. अंतर बरोबर आहे, पण ते चिकलठाणा (संभाजीनगरचा विमानतळ) ते हीथ्रो (लंडनचा) असं पृथ्वीच्या गोलावर ताणलेल्या दोऱ्याचं अंतर आहे. त्या दोऱ्यावरून विमानच जात नाही. मुंबईमार्गे 280 अधिक 7,200, आणि दिल्लीमार्गे 980 अधिक 6,730. म्हणजे कागदावर दिल्लीचा वळसा मुंबईपेक्षा जेमतेम 230 किमीने जास्त.

आता मुंबई-लंडनचाच हिशोब करा. 7,200 ला विमानाच्या वेगाने, म्हणजे ताशी 900 किमीने भागलं की 8 तास येतात. ॲप एवढंच करतं. प्रत्यक्षात मार्ग दोन-तीनशे किमी लांबतो, म्हणून 7,500 धरा. जाताना वारा पश्चिमेकडून, तोंडावर येतो. तो सरासरी ताशी 80 किमीचा धरला तर वेग उरतो 820, आणि हवेतच सव्वानऊ तास जातात. धावपट्टीपर्यंतची रांग आणि उतरल्यावरचं रांगणं यांचा अर्धा तास मिळवा: पावणेदहा. येताना तोच वारा पाठीशी, म्हणून सव्वाआठ-साडेआठ. हिवाळ्यात हा फरक जास्त जाणवतो. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानचं आकाश भारतीय कंपन्यांना बंद झालं, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या त्यांच्या विमानांचा वेळ वाढला. मुंबईची विमानं समुद्रावरून निघतात, त्यांना झळ कमी.

तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात. मुंबईहून दुपारी 1 ला निघून लंडनला संध्याकाळी 5 ला पोचायचं असेल, तर जानेवारीत प्रवास साडेनऊ तासांचा, जुलैत साडेआठचा. कारण लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं, पण मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचारच.

उरलेले सहा-सात तास पहिल्या छोट्या उड्डाणात आणि मधल्या थांब्यात जातात, आणि घोळ होतो तोही थांब्यातच. दोन्ही उड्डाणं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगवर घ्या. वेगवेगळी स्वस्त तिकिटं काढली तर मुंबईत पट्ट्यावरून बॅगा उचलायच्या, बाहेर पडायचं, पुन्हा चेक-इन करायचं. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी थांबत नाही, पैसेही देत नाही. अशा वेळी मध्ये पाच तास ठेवा, पावसाळ्यात सात. मुंबईत टी-1 ला (टर्मिनल 1) उतरलात तर टी-2 रस्त्याने चार-पाच किमी आहे. आणि आता नवी मुंबईचाही विमानतळ आहे, तेव्हा तिकिटावर बीओएम (मुंबई) आहे की एनएमआय (नवी मुंबई) ते नीट वाचा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दिल्लीत धुकं, त्यामुळे त्या दिवसांत मुंबईच बरी.

चिकलठाण्याला बॅग दिल्यावर टॅगवर एलएचआर (हीथ्रो) छापलंय का, हे काउंटर सोडण्याआधी पाहा. नुसतं बीओएम असेल तर बॅग मुंबईतच उतरेल. मुंबईमार्गे जात असाल तर इमिग्रेशन मात्र कसंही मुंबईलाच होणार.