गोधडी धुऊ का, उसवू का, विकू का?

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक खाली आली की माझ्याकडे गोधड्यांचे फोटो येऊ लागतात. दरवर्षी घोळ तेच, म्हणून या वेळी निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत. फोटो इथे छापता येत नाहीत. त्यांत जे दिसलं ते उत्तरात सांगितलं आहे.

प्रश्न (सांगली): आमच्याकडे पणजीची गोधडी आहे. ती पेशवाईतली, म्हणजे दोनशे वर्षांची, असं घरात सगळे सांगतात. खरं आहे का?

पणजी आणि पेशवाई यांचा हिशेब आधी घरी बसून मांडा. पेशवाई १८१८ साली बुडाली.

आता गोधडीकडे वळू. कुठलीही गोधडी तिच्यातल्या सर्वांत नव्या चिंधीपेक्षा जुनी असू शकत नाही. तुमच्या फोटोत डाव्या कोपऱ्याजवळ चकचकीत, फुलाफुलांचा तुकडा आहे. तो मला टेरिलीनच्या जातीचा, म्हणजे कृत्रिम धाग्याचा, वाटतो. त्या धाग्याचा शोध १९४१ सालचा, आणि आपल्या बाजारात ते कापड आलं त्याच्याही नंतर. पण तो तुकडा मागाहून लावलेलं ठिगळ असेल, तर खालची गोधडी जुनी असू शकते. भिंग घेऊन धावदोरा पाहा. गोधडीभर फिरणारा दोरा त्या तुकड्यावरून सरळ जात असेल, तर तुकडा पहिल्यापासूनचा. दोरा तुकड्याखाली दबला असेल आणि तुकड्याला कडेनं वेगळी शिलाई असेल, तर ते ठिगळ.

रंगही थोडं सांगतात. पहिला गाजलेला कृत्रिम रंग, पर्किनचा जांभळा, १८५६ सालचा. कारखान्यातली नीळ बाजारात आली १८९७ मध्ये. पण रंग नैसर्गिक की कृत्रिम हे नुसत्या डोळ्यांनी ठरवू नये. मीही ठरवत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा लागते. आणि मोबाइलवर फिरणारा ‘दोरा जाळून पाहा’ हा सल्ला कृपा करून पाळू नका. कापडाच्या जाणकाराला प्रत्यक्ष दाखवा.

प्रश्न (मडगाव): थरांवर थर रचून शिवायची कला पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणली, असं एका व्याख्यानात ऐकलं.

चुकीचं ऐकलंत. पोर्तुगीज इथून घेऊन गेले. सोळाव्या-सतराव्या शतकात बंगालमधल्या सातगावच्या भरतकाम केलेल्या रजया, पांढऱ्या सुती कापडावर पिवळसर टसर रेशमाचं काम असलेल्या, ते जहाजानं लिस्बनला नेत. आणि मुळात ही कला एका देशाच्या नावावर लावताच येत नाही. इजिप्तमध्ये अबायडोस इथे सापडलेली सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची एक हस्तिदंती राजमूर्ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्या अंगावरचा झगा असाच शिवलेला दिसतो. सिसिलीत चौदाव्या शतकात त्रिस्तान या युरोपीय दंतकथेतल्या वीराची चित्रं आत सूत भरून उठावदार केलेली पांघरुणं झाली, त्यांतलं एक लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. ज्यांच्याकडे थंडी होती आणि जुनं कापड होतं, ते शिवत होते.

प्रश्न (ठाणे): जुनी गोधडी ड्रायक्लीनला द्यावी का?

नाही.

प्रश्न (जळगाव): मग घरी धुवावी का?

आधी ओल्या पांढऱ्या कापसानं प्रत्येक रंग एका कोपऱ्यात टिपून पाहा. एकाही रंगाचा डाग कापसावर उतरला, तर थांबा आणि विचारा. रंग पक्के निघाले तरी ओली गोधडी तारेवर लटकवू नका. पाण्याच्या वजनानंच जुना दोरा तुटतो. नदीच्या खडकांवर गोधड्या पसरून वाळवायची जुनी पद्धत याबाबतीत शहाणपणाची होती. धोपटण्याची नव्हती.

प्रश्न (कोल्हापूर): आजीनं शिवलेल्या गोधड्या आम्हा नातवंडांत वाटून घ्यायच्या आहेत. एक उसवली तर आतली लुगडी वेगळी होतील आणि सगळ्यांना थोडं थोडं मिळेल. आजी नव्वदीच्या आहेत. कोणती गोधडी कशाची, हे त्यांना विचारायचं राहूनच जातंय.

तुमचा शेवटचा शब्द मला सगळ्यात जास्त बोचला. राहूनच जातंय! उसवायला वेळ आहे, आणि विचारायला नाही?

आधी उसवण्याचं. वरची दोन कापडं धड दिसतात म्हणून आतली तशीच असतील असं समजू नका. गोधडीत आत जातं ते बहुधा विरलेलं, जाळी पडलेलं लुगडं आणि फाटकं धोतर. त्याला धरून ठेवलेलं असतं ते फक्त दोऱ्यानं. दाभणानं घातलेला तो टाका काढलात की हातात चिंध्या येतील, आणि त्या पुन्हा गोधडी होणार नाहीत. शिवाय टाक्यांची वाट हीच शिवणारीची सही असते. चारही कडांनी सुरुवात करून आत आत जात मध्याला मिटणाऱ्या ओळी, ओळीतलं अंतर, दोरा संपला तिथली गाठ, मध्येच बदललेला दोऱ्याचा रंग. तुमच्या एका फोटोत उजव्या कडेचे टाके बारीक आणि एकसारखे आहेत आणि डाव्या कडेचे लांब-तिरपे. दोन बायका समोरासमोर बसून शिवत असाव्यात, किंवा मधे बरीच वर्षं गेली असतील. हे आजी एका वाक्यात सांगतील. त्यांच्यानंतर जगातला कुठलाही तज्ज्ञ सांगू शकणार नाही.

आपल्याकडच्या गोधड्यांची खरी अडचण हीच आहे. कापड टिकतं, माणूस हरवतो. संग्रहालयात गोधडी आली तर पाटीवर लिहिलं जातं ‘महाराष्ट्र, विसावं शतक’. नाव नाही, गाव नाही. बंगालमध्ये मानदासुंदरी नावाच्या बाईनं वडिलांसाठी केलेल्या कांथ्यावर, म्हणजे तिकडच्या गोधडीवर, आपलं नाव टाक्यांनीच लिहून ठेवलं. तो कांथा कोलकात्याजवळ जोक्याच्या गुरुसदय संग्रहालयात गेला, आणि ती बाई आजही नावानं ओळखली जाते. दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. जॉर्जिया राज्यातली हॅरिएट पॉवर्स १८३७ साली गुलामीत जन्मली. बायबलमधले प्रसंग कापून लावलेली तिची रजई १८८६ च्या एका कापूसमेळ्यात जेनी स्मिथ नावाच्या चित्रकला-शिक्षिकेनं पाहिली. पॉवर्स तेव्हा विकायला तयार नव्हती. पुढे घरची तंगी आली, तिनं दहा डॉलर मागितले आणि मिळाले पाच. सौदा काही अभिमानाचा नाही. पण स्मिथनं एक काम नीट केलं: प्रत्येक चौकटीत काय आहे ते पॉवर्सच्या तोंडून ऐकून लिहून घेतलं. ती रजई आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये आहे, आणि आपल्याला ती वाचता येते ती त्या कागदामुळे.

तेव्हा हे करा, आणि या आठवड्यात करा. गोधडी आजींच्या मांडीवर ठेवा, मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करा. हे लुगडं कुणाचं, कोणत्या लग्नातलं? शिवायला कोण बसलं होतं? दोरा विकतचा की काठातून ओढलेला? हे ठिगळ कधीचं? त्यांना थकवू नका. एका बैठकीला एकच गोधडी. नंतर दोन्ही बाजूंचे फोटो दिवसाउजेडी काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. धुतलेल्या मांजरपाटाच्या पट्टीवर पक्क्या, न पसरणाऱ्या शाईनं नाव, गाव आणि अंदाजे वर्ष लिहा, आणि पट्टी एका कोपऱ्याला दोन सैल टाक्यांनी टाचा. गोधडीवर बॉलपेन चालवायचं नाही, सेफ्टीपिन लावायची नाही, गंज लागतो.

वाटणी करायची तर अख्ख्या गोधड्या वाटा. एकाला कमी पडली तर पडू द्या. तरीही कापायचंच ठरलं, तर कात्री लावण्याआधी संवर्धकाला दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे, तिथे चौकशी करा.

प्रश्न (न्यू जर्सी): मुलीच्या शाळेत शिकवलं की, पळून जाणाऱ्या गुलामांसाठी रजयांच्या नक्ष्यांत गुप्त खुणा असत. गोधडीतही असा काही संकेत असतो का?

नसतो. आणि तिथलीही गोष्ट ऐकीव आहे. १९९९ साली आलेल्या एका पुस्तकामुळे ती घराघरांत पोचली. १९३० च्या दशकात, पूर्वी गुलाम असलेल्या दोन हजारांहून अधिक लोकांच्या मुलाखती सरकारी योजनेत नोंदवल्या गेल्या, पळून गेलेल्यांनी आत्मवृत्तं लिहिली. त्यांत या खुणांचा आधार मिळत नाही, असा इतिहासकारांचा आक्षेप आहे. खुणा म्हणून सांगितल्या जाणाऱ्या काही नमुन्यांची नोंद तर गुलामी संपल्यानंतरची आहे. मुलीला प्रकल्पच करायचा असेल, तर अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या बायकांवर करू द्या. शेतात झिजलेल्या पँटींच्या त्यांनी केलेल्या रजया २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या, २००६ साली टपाल तिकिटांवर आल्या. त्यांची नावं नोंदलेली आहेत.

प्रश्न (पुणे): ऑनलाइन ‘शंभर वर्षं जुना व्हिंटेज कांथा’ मिळतोय, सोबत प्रमाणपत्रही आहे. घ्यावा का?

प्रमाणपत्र देणारा आणि विकणारा एकच असेल, तर तो कागद नुसती पावती समजा. नवं कापड चहाच्या पाण्यात बुडवून पिवळं करतात. ठिगळं छापतात. ठिगळाच्या कडेवरून नख फिरवा; खऱ्या ठिगळाला उंचवटा लागतो, छापलेल्याला नाही. दोन्ही बाजूंना सलग, एकाही ठिकाणी न चुकलेली शिलाई दिसली तर ती मशिनची. तुम्हाला पांघरूण म्हणून आवडला असेल तर पांघरुणाच्या भावात खुशाल घ्या. शंभर वर्षांचे पैसे मोजणार असाल, तर आधी तिऱ्हाईत जाणकाराला दाखवा.

आणि आजकाल ‘कवंदी’ या नावानंही काहीबाही खपवतात. कवंदी ही कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकी वंशाच्या, समाजातल्या बायकांची गोधडी. तीही कडेकडेनं आत शिवत जातात, पण कोपऱ्यांत घडी घातलेली त्रिकोणी ‘फुलं’ लावल्याशिवाय ती त्यांच्या लेखी पुरी होत नाही.

प्रश्न (नाशिक): पणजीच्या लुगड्याचं दुपटं डांबरगोळ्या घालून ट्रंकेत ठेवलं होतं. पुढच्या महिन्यात नात येणार आहे. उन्हं दाखवून वापरू ना?

नको. डांबरगोळ्यांतल्या नॅफ्थलीनची वाफ कापडात मुरते. जी-सिक्स-पीडी नावाच्या द्रव्याची जन्मतः कमतरता असलेल्या बाळांत त्यानं तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते, आणि ती कमतरता बाळाच्या तोंडावर लिहिलेली नसते. बाळासाठी नवं, धुतलेलं दुपटं घ्या. बाकी बालरोगतज्ज्ञांना विचारा.

सुती गोधडीला डांबरगोळ्या लागतच नाहीत. लोकर आणि रेशीम खाणारा किडा स्वच्छ सुती कापडाच्या फारसा वाटेला जात नाही. खळ, घाम आणि दमट हवा असेल तरच भानगडी सुरू होतात. धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या ठिकाणी घाला. कडक उन्हात दिवसभर टाकू नका. उडालेला रंग परत येत नाही.

प्रश्न (नागपूर): फोटो पाठवला आहे. किंमत सांगा.

सांगत नाही. वाटणीसाठी किंवा विम्यासाठी आकडा हवा असेल, तर ज्याला ती गोधडी विकत घ्यायची नाही अशा माणसाकडून काढून घ्या. आणि गोधडी मला कुरियरनं पाठवू नका.